कडता

निहालसिंग नांदेडहून एस्टीनं आले.
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात सुती साडीचा तुकडा, तुकड्यात तराजू.
"डोलरा भाई," म्हणाले, "काटा डोलरा."

वसमतचा मोंढा. हळदीचा हंगाम.
उंबऱ्यावर, चहाच्या सायीवर, पापण्यांवर पिवळी धूळ.
मी क्विंटलचे काटे दुरुस्त करतो,
ज्यांवर हमाल पोत्यासकट चढतात ते.
हा तर तळहातावर मावला:
पितळेची दांडी, अकिकाची खाच,
आणि रेघा इतक्या बारीक की
एका गुंजेचे वीस तुकडे केले
तर त्यातल्या एकाला इथे स्वतःची रेघ.

"काय जोखता यावर?"
"दारू."
चहावाला पोऱ्या खुदकन हसला.
"बंदुकीची रे!"
बावीस वर्षं फौजेत, आर्मरर.
आता हिंगोलीकडच्या माळावरची चांदमारी,
हजार यार्डांवरचा पुठ्ठा,
आणि काडतुसं आपल्या हातानं भरलेली.
न मागताच परवाना काढून दाखवला,
घड्यांवर चिकटपट्टी लावलेला.

"दहा भरली. नऊ एका ताटलीत बसली.
दहावी वीतभर खाली.
हात तोच, नळी तीच. मग हाच बिघडला असंल."

मी पंखा बंद केला.
श्वास बाजूला सोडला, खांद्यावरून.
बाहेरून ट्रक गेला, दांडी शहारली;
ती शांत होईतो आम्ही दोघं गप्प,
मयताच्या घरी बसतात तसे.
मग पारड्याच्या पोटाखालून बोट फिरवलं.
डोळ्याला काही दिसलं नव्हतं.
बोट पिवळं.
"घर कुठं तुमचं?"
"हळदीच्या गिरणीमागं," म्हणाले,
आणि कपाळावर हात मारून घेतला.

पुसला, सारखा केला, मग गंमत म्हणून
कागदाचा कपटा तोलला.
त्यावर त्यांनी पेन्सिलीनं नाव लिहिलं, गुरुमुखीत.
दांडी केसभर कलली.
दुसऱ्या कपट्यावर मी माझं लिहिलं, काना-मात्रेसकट.
त्यांचं जड भरलं.
मी म्हटलं, "सिंग आहे ना त्यात."
पैसे विचारले. मी नको म्हणालो.
"मग इतवारी या," म्हणाले.

माळावर सावली फक्त छत्रीची.
पुठ्ठा इतका लांब की
मला तो पोस्टाच्या तिकिटाएवढा,
त्यांना मात्र त्यात आठ, नऊ, दहा दिसत होतं.
नऊ गोळ्या नीट गेल्या.
दहावी डावीकडे, चांगली हातभर.

मी चपलेकडे बघत उभा.
पुढचं वाक्य पाठ होतं मला.
तीस वर्षं ऐकतोय:
अडत्या म्हणतो, मापाडी म्हणतो,
वाटणीची तूर मोजताना सख्खा भाऊ म्हणाला,
काट्यात खोट आहे.

निहालसिंगांनी चष्मा कपाळावर चढवला.
कुसळाच्या गवताकडे बराच वेळ बघितलं,
जे मधेच उलट्या अंगानं झुकलं होतं.
"काटा तुमारा सही है," म्हणाले.
"हवा मैं गलत पढ्या."
आणि वहीत लिहिलं. तारीख घातली, खाली सही केली.

सोमवारी पुन्हा मोंढा. माझ्या शिक्क्याचा काटा,
माझ्या हातानं शून्यावर आणलेला.
शंभर किलोंमागे एक किलो
हमालानं सवयीनं बाजूला ओढलं.
"हा कशाचा?" मी विचारलं. कधी विचारलं नव्हतं.
"कडता," अडत्या म्हणाला, पावतीवरून मान न उचलता.
"ओल असते. धूळ असते. वाऱ्यावर उडतं काही."

वारं पडलेलं होतं.
बाभळीचं पान हलत नव्हतं.

मी वाकून मोठ्या पारड्याखालून बोट फिरवलं,
उगाच, जुनी खोड.
पिवळं झालं, पेरापर्यंत.
पुसायला धोतराचा सोगा धरला
आणि सोडून दिला:
हे कुणाचं, ते ठरत नव्हतं.