अगोदरचा होकार

पिओरियात नोव्हेंबर लागला की
नदीवरचा वारा थेट स्वयंपाकघराच्या जाळीपर्यंत येतो.
ओट्यावर लॅपटॉप, शेजारी मोड आलेली मटकी,
आणि मी रकाने भरते आहे.
उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं लिहा, असं म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी
पिवळ्या यंत्रांच्या कारखान्यात श्रीरंगला केबिन होती, खिडकीची.
आता तो हार्डवेअरच्या दुकानात
लोकांना रंगाचे डबे हलवून देतो.
फॉर्ममध्ये मात्र आम्ही अजून त्याच खिडकीत बसलोय,
कॉफी पीत,
सुखवस्तू.

घरात माणसं किती? तीन.
संगमनेरला दर महिन्याला जातात ते दोनशे डॉलर,
धाकट्या दिरांच्या डायलिसिसचे,
त्यांना रकाना नाही.
मी सगळीकडे शोधला.
बांगड्यांनाही नाही, ते एक बरं झालं.

शाल्मलीला हवंय ते कॉलेज डोंगरात आहे, व्हरमाँटला.
तिथे म्हणे लायब्ररीत रात्री दोनला सूप मिळतं.
तिथे अगोदर अर्ज करायचा
आणि होकारही अगोदरच द्यायचा:
घेतलंत तर येईनच, दुसरीकडे बघणार नाही.
तिची सही, माझी सही, शाळेतल्या कोवाल्चिक बाईंची सही.
"आणि पैसे?" मी विचारलं.
"ते नंतर कळतं," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे याद्या झाल्याशिवाय सुपारी फुटत नसे.
मानपान कुणाचा, जेवणं कुणाकडे,
काका कानावर पेन्सिल ठेवून बसायचे.
इथे आधी अक्षता,
मग यादी.

आयोवाचं एक कॉलेज वर्षाला अठ्ठावीस हजार देतंय, गुणवत्तेचे.
पत्रासोबत मोजे पाठवलेत, त्यांच्या रंगाचे.
मी ते घालून झोपते. पाय गार पडतात माझे.
शाल्मली म्हणते, मोजे सगळ्यांनाच पाठवतात, आई.
डोंगरातलं कॉलेज हुशारीचे पैसे देत नाही,
तिथे सगळेच हुशार.
तिथे गरज बघतात.
झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ऐकत वाढले मी;
आता ती मूठ उघडून स्कॅन करायची,
आणि रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत.

निबंध तिने मला दाखवला नाही.
प्रिंटरमध्ये एक पान राहिलं होतं.
त्यात मी होते, पहाटे पाचला हॉस्पिटलात रक्त काढणारी.
"जी शीर दिसत नाही, ती आई बोटाने ओळखते."
मी पान होतं तसं ठेवलं.

पंधरा डिसेंबर, संध्याकाळी सहा.
श्रीरंगच्या नखांत हिरवा रंग.
पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले,
ती ओरडली, मग आम्ही ओरडलो,
शेजारचं कुत्रं बराच वेळ भुंकत राहिलं.

मदतीचं पत्र गुरुवारी आलं.
मदत होती, नाही म्हणणार नाही.
खाली आमचा वाटा: वर्षाला एकतीस हजार चारशे.
शाल्मलीने फोन आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला.
मग हळूच म्हणाली,
"आई, तुझे शनिवारपण धरलेत त्यांनी."

माझे शनिवार.
त्या वर्षी जादा पाळ्या केल्या होत्या,
याच फीसाठी.

सुटायची वाट एकच:
परवडत नाही, असं लिहून द्यायचं.
दुसरं कुठलंही कारण चालत नाही.
श्रीरंग म्हणतो, आधी पुन्हा विचारू,
घासाघीस इथेही होते, फक्त तिला अपील म्हणतात.
नोकरी गेल्याचं पत्र तो शोधतोय,
जपून ठेवलं होतं, म्हणूनच सापडत नाही.

मी कढीला फोडणी देते.
कुणाला सांगितलं नाही,
त्या संध्याकाळी, सहाला पाच कमी असताना,
मी देवाकडे नकार मागितला होता.

बाहेर शाल्मली गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडते आहे.
हातमोजे मिळाले नाहीत वाटतं.
हातांत
आयोवाचे मोजे.