भिंतीवरचा खडू

मारियाम्पोलेच्या हॉलमध्ये, टॉवेलांच्या खोलीला लागून,
एक भिंत आहे; नऊ वर्षं मी तिला रंग लावू दिला नाही.
दर ऑगस्टात खेळाडू बोटं खडूत बुडवतात,
उभ्याने उडी मारतात, भिंतीला चापट देतात,
आणि मी टेप धरून आकडा वाचतो.
माझं कामच ते. गुडघे बांधणं, बर्फ भरणं, आणि हे.

रिमविदासच्या नऊ खुणा
माझ्या एका तळहाताखाली झाकल्या जातात.
आठ वर्षांत चार सेंटिमीटर चढला.
त्यासाठी त्याने काय केलं ते मला विचारा:
शेशुपे नदी गोठलेली असताना
खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन जिने,
पोटऱ्या अशा की माझा अंगठा रुतत नसे.
साखर सोडली, बिअर सोडली.
आउश्रिनेने त्याला सोडलं, एक हिवाळाभर,
मग परत आली.

आणि मग सतरा वर्षांचा योकूबास आला,
चॉकलेटात बुडवलेली चक्क्याची वडी चघळत.
कुणी हाक मारली म्हणून वळावं
इतक्या सहज उडाला.
खूण वाचायला मला शिडी लागली.
शिडी रिमविदासने धरली.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून,"
प्रशिक्षक त्या रात्री म्हणाला. कुत्सितपणे नव्हे.
त्याचेही गुडघे कधीचे गेलेले.

कौनासच्या मोठ्या संघाने रिमविदासला एकदा बोलावलं होतं,
दहा दिवस. अकराव्या दिवशी तो बसमधून उतरला.
काय म्हणाले?
"म्हणाले, सगळं येतं तुला..."
उरलेलं वाक्य त्याने हाताने केलं:
पंजा वर, छताकडे,
थोडा वेळ तसाच.

त्यानंतर तो ऐकायला लागला.
नेम चुकलेला चेंडू रिंगवर कसा वाजतो:
आखूड पडला की ठण्,
लांब गेला की भरड, बसक्या घशासारखा.
मी त्याच्यासाठी हजारो चेंडू मुद्दाम चुकवले
(इतकं मन लावून मी आयुष्यात काही चुकवलं नव्हतं)
आणि तो डोळे मिटून बोट दाखवायचा:
डावीकडे. डावीकडे. तुझ्याकडे.
सामन्यात अंगावरचा माणूस कंबरेने सारायचा
अर्धवट उघडं दार लोटावं तसा,
आणि बाकीचे हवेत असताना
चेंडू खाली, याच्या हातात.

चौतिसाव्या वर्षी त्याची खूण तीन सेंटिमीटर घसरली.
त्या हंगामात सर्वांत जास्त रिबाउंड त्याचे.
दुसऱ्या विभागात. पहिल्या नव्हे. हे सांगितलं पाहिजे.
योकूबास स्पेनमध्ये खेळतो, नाताळला मला खारवलेलं मांस पाठवतो.
मेहनत त्याचीही असणार;
ती माझ्यासमोर झाली नाही, एवढंच.

आईबाप पोरांना घेऊन येतात. मेहनतीने होईल ना?
हो म्हणवत नाही. नाही म्हणायला जीभ उचलत नाही.
आड होता तेवढाच राहिला.
दोर मात्र त्याने स्वतः वळला, वीत वीत,
आणि तळाला होतं ते सगळं वर काढलं.
हे त्यांना कसं सांगायचं? मी पोराच्या हाती खडू देतो.

यंदा नगरपालिकेने रंग पाठवलाच. फिकट हिरवा, चार डबे.
रिमविदास स्वतः आला, जुन्या जर्सीत, रोलर घेऊन.
आपल्या खुणा त्याने दोन फटक्यांत झाकल्या.
वरच्या एकीसाठी शिडी मागितली.
या खेपेला ती मी धरली.

वर चढून तो थांबला.
योकूबासच्या बोटांशेजारी
आपली बोटं टेकवली,
कोरडी, खडू नसलेली,
आणि मग रंगवायला लागला.