कुंपणाची भूक

ट्रॅक्टर वळायला अडतो म्हणून
ग्वेनोलाच्या सासऱ्याने उपटलेली रांग
तिने पुन्हा लावली :
हेझल, हॉथॉर्न, बुडाशी मोकाट गवत.
“चार ओळींचा गहू गेला तुझा,”
शेजारचा गुलवेन अजून म्हणतो.
गेलाच.

रात्री आम्ही बॅटरी घेऊन उकिडवे.
ब्रिटनीचा ओला वारा.
गवताच्या ठोंबातून निघतो काळा भुंगेरा,
हिवाळाभर तिथेच निजलेला,
कामाला उशीर झाल्यासारखा
गव्हात शिरतो.
मागून दुसरा. मग मोजणं सुटतं.
ताटावरून मावा गळतो,
खाली जबडे.

आमच्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातं.
तिला सांगू बघतो,
फ्रेंच अपुरं पडतं.
भूक आहे खरी कुंपणाला,
पण गव्हाची...

ती बॅटरी विझवते.
“उजेडात जेवत नाहीत ते.”