एक फेरी बाकी

केरिओ दरीच्या काठावर आमचं मैदान.
तांबडी माती, चुन्याच्या चार रेघा,
आणि खांबाला टांगलेली लॉरीच्या चाकाची रिम.
शेवटची फेरी लागली की तिच्यावर पहार हाणायची,
हे माझं काम. एकतीस वर्षं केलं.

चहाच्या टपरीवर पोरं हातघाईला येतात:
सर्वांत थोर कोण?
एक म्हणतो, पदकं मोजा.
दुसरा म्हणतो, वेळ बघा, सेकंदाची शकलं करून बघा.
किमोसोप म्हणतो, हरवलं कुणाला ते आधी सांगा,
लंगड्यांच्या पुढे कुणीही पळेल.
मग सगळे माझ्याकडे वळतात.
म्हातारबा, तुम्ही तर सगळेच पाहिलेत.

पाहिलेत.
ठोका पडला की माणूस उघडा पडतो.
कुणाचे खांदे कानाला लागतात,
कुणी मागे वळून बघतो आणि तिथेच संपतो,
कुणी इतका वेळ राखून ठेवलेलं
एकदम उधळायला काढतो, लग्नघरासारखं.
प्रिस्का जेबिवोतचं काही बदलायचं नाही.
विहिरीत दगड टाकावा
आणि आवाजच येऊ नये, तसं.

त्या दिवशी बायकांची दहा हजार मीटर.
पंचवीस फेऱ्या. पहिल्या तिघी नैरोबीला.
मी फेऱ्या मोजायचो राजम्याच्या दाण्यांवर,
एक फेरी, एक दाणा, या डब्यातून त्या डब्यात.
मधेच कुणाच्या तरी शेळ्या मैदानात घुसल्या.
मी ओरडत उठलो, खडे मारले,
परत येऊन बसलो. डबा तसाच होता.

एक दाणा उरला तेव्हा मी पहार उचलली.

अकरा जणी सुसाट सुटल्या.
प्रिस्का माझ्यासमोरून गेली,
आणि तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
तिनं माझ्याकडे पाहिलं.
रागानं नाही. घरातलं मूल चुकीचा पाढा म्हणतं
तेव्हा बघतात, तसं.
चाल तीच ठेवली.

त्या अकरा जणी रेघेवर पोचल्या, मातीत आडव्या झाल्या.
ही बारावी आली, रेघ ओलांडली,
आणि पळतच राहिली.
लोक हसले. हिला मोजता येत नाही, म्हणाले.
एका पोरानं पुढे होऊन हात आडवा केला,
ती त्याला वळसा घालून गेली.
अख्खी फेरी, एकटी,
शेवटच्या दोनशे मीटरला काय सुटली म्हणून सांगू,
समोर कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं,
घड्याळवाल्यानं घड्याळ केव्हाच खिशात टाकलं होतं.

पंच म्हणाले, ठोका तो ठोका.
वहीत लिहिलं: जेबिवोत, बारावी.

रात्री कंदिलापाशी मी दाणे मोजले.
चोवीस.
एक करडू माझी नोकरी खाऊन गेलं होतं.
मी कुणाला बोललो नाही.
दोन मुलींची फी भरायची होती,
आणि, खरं सांगायचं तर, भीतीही वाटली.

सकाळी ती सरावाला आली.
बूट काढून वाळू झाडली,
माझ्या डब्यात काहीतरी टाकलं, टण्.
काळा दाणा. आमचे सगळे लाल.
'आता बरोबर आहेत,' म्हणाली, आणि पळायला गेली.

नैरोबीला ती कधीच गेली नाही.
पुढच्या वर्षी गुडघा, मग बाळंतपण, मग दुसरं.
कुठल्या यादीत नाव नाही,
म्हणून पोरांना मी काय सांगणार?
चहा निवतोय, प्या, म्हणतो.

आता मैदानावर विजेची पाटी आली.
रिम शाळेत नेऊन लावली,
मधल्या सुट्टीत पोरं तिला बडव बडव बडवतात.
त्याच वेळी खालच्या रस्त्यानं
एक बाई डोक्यावर दुधाचा कॅन घेऊन चढ चढते.
रिम वाजते. रस्त्यावरची गाढवंसुद्धा दचकतात.
तिचं पाऊल बघत मी ओट्यावर बसतो,
खिशात हात घालून,
तो काळा दाणा बोटांत फिरवत.