बुधवारी न्हाले

मार्केट यार्डात हळद निवडते मी.
सांगलीत हे सांगावं लागत नाही.
बसमध्ये शेजारी टेकलेली बाई
माझी मान बघूनच ओळखते.

केस गुडघ्याच्या वर चार बोटं.
सकाळी काळे,
संध्याकाळी भांगात पिवळी रेघ.

आता सांगा, डोकं किती वेळा धुवायचं?

सासूबाईंचा हिशोब पाठ :
मंगळवार, शुक्रवार.
सोमवारी नको. शनिवारचं नावच नको.
बुधवारी न्हालं तर भावावर येतं.
मला तीन भाऊ.

शेजारची जुबेदा म्हणाली, रोज धू गं, धूळ ती धूळ.
धुतलं. पंधरा दिवस, रोज.
कुपवाडच्या बोअरचं पाणी,
फेस धरत नाही, शिव्या धरतं.
केसांचा काथ्या झाला,
टाळू वाळल्या हळकुंडासारखी,
खाजवली की नखात पांढरा भुगा.

मग उलटं केलं. बारा दिवस पाणीच नाही,
नुसतं तेल.
तेलावर हळद बसली, हळदीवर घाम,
आणि रात्री उशीवर
कुणीतरी मुंग्यांचं वारूळ फोडल्यासारखं डोकं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं.
केस बघितलेच नाहीत,
भांग पाडत पाडत कातडी बघत राहिल्या.
म्हणाल्या, उसाच्या वाढ्याला पाणी पाजता का कधी?
बुडख्यालाच पाजता ना?
साबण मुळाशी. खाली शेंड्याला
त्याचं उतरतं पाणी पुरे.
आठवड्यातून दोनदा,
हंगामात तिसऱ्यांदा चालेल.
नखं लावू नका, बोटांची पेरं फिरवा.
ओले बांधू नका. रात्रभर तेल नको.

आणि वार कुठला, मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत.
सुट्टीचा, म्हणाल्या.
त्या हसल्या नाहीत म्हणून
मी पुढच्या वेळी पण गेले.

सगळं बसलं होतं घडीला.
कोंडा उतरला, खाज गेली,
रविवार आणि गुरुवार, कॅलेंडरवर माझी बारकी फुली,
दुधाच्या खाड्याशेजारी.

मग दिवाळीनंतर उजवा खांदा आखडला.
हात कानाच्या वर जाईना.
फणी अर्ध्या वाटेत थांबायची.
सुपर्णा म्हणाली, आई, काप आता, मानेपर्यंत,
माझ्या वर्गातल्या सगळ्या आयांचे तेवढेच आहेत.
कात्री मी काढून ठेवली होती.
फ्रिजवर. दोन दिवस होती तिथं.

भूपाल यार्डातच मापाडी.
बावीस वर्षं दुसऱ्यांचं वजन करतो,
घरी शब्दसुद्धा मोजून.
रविवारी नळाचं पाणी तापवलं,
मोरीत पाट ठेवला,
म्हणाला, बस.

पहिला तांब्या माझ्या कानात गेला.
दुसरा पाठीवर.
ओल्या केसांचा सगळा भार त्याने तळव्यावर घेतला,
जरा वर-खाली केला, सवयीनं,
म्हणाला, किलोला थोडं कमी.

मग त्याची बोटं आली.
पोत्यांनी घट्टे पडलेली.
मी म्हटलं, नखं नकोत.
माहिताय, पेरं, तो म्हणाला.
साबण मुळाशी. शेंड्याला चोळायचं नाही.

तुला कुणी सांगितलं?

बाहेर बाकावर होतो की मिरजेला.
दार उघडं होतं.

मी काही बोलले नाही.
डोळ्यांत साबण गेला होता,
असं समजा.
मोरीतून पिवळं पाणी चाललं,
मग फिकं पिवळं,
मग पाण्याच्या रंगाचं.
तो प्रत्येक तांब्याला थांबून बघत होता,
काटा स्थिर व्हायची वाट बघतो तसा.

गुरुवारी त्याची रात्रपाळी आली,
आवक फार.
मग आदल्या दिवशी उरकू, म्हणाला,
आणि दोघांनाही एकदमच आठवलं
आदला दिवस कुठला ते.
आतल्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही चालू होता.
त्याने नळ बारीक सोडला.

रात्री तिन्ही भावांना फोन केले.
तासगावचा जेवत होता. विट्याचा झोपलेला, वैतागला.
धाकटा घाबरला, काय झालं गं आक्का?

काही नाही रे, म्हटलं.
बसलेय गच्चीत.
केस अजून वाळायचेत.