पेव

हरिपुरात हळद जमिनीखाली झोपते.
वरून बघाल तर नुसतं रान, दोन बाभळी,
आणि पायाखाली अंधार, तीन-तीन पुरुष खोल,
पिवळ्या वासाचा.

महापुरात काही पेवं खचली.
त्यातलं एक, चिंचेच्या अंगाचं,
आ वासून राहिलं पाणी धरून.
मालकानं त्याचं नाव टाकलं.
सुबराव भोयानं ते मागून घेतलं.

कशाला?
मरळी ठेवायला.
लोक हसले. मरळ खायची असते, ठेवायची कधीपासून?

पण नदीत काय उरलं होतं!
जाळं टाकावं तर चिलापी, ओढावं तर चिलापी,
राखी, काटेरी, तळहाताएवढी.
कुणी म्हणे धरणातून आली, कुणी म्हणे सोडली.
संगमापासून अंकलीच्या पुलापर्यंत
तिचंच पेव फुटलेलं.
आणि थंडी पडली की मरळीच्या अंगावर
लाल फोड, शेपटीकडून सडत येणारे.
उताण्या होऊन काठाला लागायच्या.
कुत्रं हुंगायचं आणि निघून जायचं.

सुबरावनं तीन जोड्या आणल्या
हंड्यातून, ओल्या पोत्याखाली झाकून.
दहा वाट्या चुना, एक वाटी हळद,
बादलीत विरवून कडेकडेनं सोडली.
"हळदीच्याच घरात ऱ्हायलीया," म्हणाला,
"औषध काय लांबनं आणायचं?"

जेठात एका सकाळी मला हाक मारली.
"ये. पर सावली पाडू नगंस."
पाण्यात तांबडं काहीतरी होतं.
भिजल्या मसूरडाळीएवढी पिलं, हजारभर,
सगळ्यांचा मिळून एक गोळा.
श्वास घ्यायला वर यायचा, फुटायचा,
पुन्हा जुळायचा.
त्याच्याखाली काळा बाप.
ओंडका म्हणून सोडून दिला असता मी त्याला.

मी नऊ वर्षांचा होतो.

शनिवारच्या बाजारात एका टोपलीत
दोन चिलाप्या अजून तोंड मिटत होत्या, उघडत होत्या.
दहा रुपये होते, वहीचे.
पिशवीत पाणी भरून पळत आलो, उसातून, घसरत,
आणि पेवात सोडल्या.
त्या रात्री मला फार छान झोप लागली.

पुढच्या जेठात गोळा मुठीएवढा.
त्याच्या पुढच्या वर्षी पाणी नुसतं करडं,
वर आलेलं सगळं करडं.

सुबरावनं इंजिन लावून पेव उपसलं.
गुडघाभर चिखलात उभा राहून एकेक वेचली,
काठावर फेकली. एकेचाळीस मी मोजल्या.
कुणी टाकल्या, असं त्यानं विचारलं नाही.
"बगळ्याच्या पायाला चिकटून आली असतील अंडी,"
असं गावाला सांगितलं.

शेवटची हातात धरली तेव्हा
तिचं तोंड फुगलेलं होतं.
अंगठा लावला तसं तिनं ते उघडलं,
आणि त्याच्या तळहातावर
वीस-पंचवीस पिलं सांडली.
नुसते डोळे. बाकी अंग काचेचं.
आई हातातच होती, आणि ती
परत तिच्याच तोंडाकडं सरकत होती.

सुबराव बराच वेळ तसाच.
"हिचं काय चुकलंय?" म्हणाला.
"चुकलंय ते आणणाऱ्याचं…"
आणि मध्येच थांबून
चिखलातला पाय उगाच हलवला.

मग तिला काठावर टाकलं, बाकीच्यांत.
पिलं मात्र फेकली नाहीत.
हंड्यात वाट बघणाऱ्या मरळींत
हात बुडवून सोडली.
पाणी एकदाच वाजलं.

आता चुना मी विरवतो.
सुबरावच्या हाताला कंप आहे,
तो चिंचेखाली बसून प्रमाण सांगतो,
दरवर्षी तेच, दरवर्षी नवं असल्यासारखं.
यंदा गोळा नारळाएवढा आहे.
नदीत अजून एकही नाही.

आणि शनिवारी बाजारात
एखाद्या टोपलीत काही तडफडताना दिसलं
की मी खिशातला हात
खिशातच ठेवतो.
झोप मात्र तेव्हासारखी लागत नाही.