हात राखून

मारियामपोलेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारामागे
तिसऱ्या गॅरेजमध्ये माझा धंदा.
मला कुणी गाडी दाखवत नाही,
नुसतं स्टिअरिंग उतरवून आणतात काखोटीला मारून,
बेकरीतून राईचा गोल पाव आणावा तसं.

मी आधी वास घेते,
मग दिव्याखाली तिरकं धरते.
चकाकतंय? म्हणजे नवं नव्हे.
ते तेल आहे, तळव्यांचं, वर्षानुवर्षांचं,
कढईच्या बुडाला बसतं तसलं.
स्वच्छ चामडं चमकत नाही.
ते मुकं असतं, बोटाला किंचित अडतं.
इतकं सांगूनही लोक पॉलिशची बाटली ओततात
आणि वळणावर हात निसटला की रस्त्याला शिव्या देतात.

ओलं फडकं, घट्ट पिळून. मऊ ब्रश.
साबण कमी, त्याहूनही कमी.
फेस काळा यायचा थांबेपर्यंत घाई नाही.
हा मळ कुणाचा, मी विचारत नाही.
तरी कळतं.
दहा-दोनच्या जागी झिजलंय : शिकवल्याप्रमाणे चालवणारा, नाहीतर घाबरट.
वर बाराशी मनगटाची खूण :
दुसरा हात कुठे असायचा, देव जाणे.
खाली सहापाशी काळं कुळकुळीत :
हात मांडीवर टाकून तासन्‌तास वाट पाहणारा
हॅम्बुर्गचा टॅक्सीवाला.
उजवीकडे बारीक चरे, ती लग्नाची अंगठी.
चरे जुने, वरून पुन्हा गुळगुळीत झालेले.
म्हणजे अंगठी उतरली.
त्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

झिद्रूनास दर मंगळवारी येतो.
"तीन लाखांचे नव्वद हजार केलेत, दांगुओले.
आता हे कातडं तेवढं गप्प कर."
मीटर दहा मिनिटांत खोटं बोलायला शिकतं.
कातड्याला तीन दिवस लागतात.
पंधराशेचा कागद, पाण्यात भिजवून.
भेगांत भराव, पातळ, वाळला की पुन्हा पातळ.
रंगाचे पाच हात.
उसवलेलं असेल तर दोन सुया, समोरासमोर,
मेणाचा दोरा, जुन्याच भोकांतून.
जानेवारीत हीटिंगचं बिल येतं
तेव्हा मी झिद्रूनासला काही विचारत नाही.

एक मात्र करते.
खाली, पाठच्या अंगाला, जिथे डोळा जात नाही,
दोन बोटांची जागा सोडते.
घासत नाही, भरत नाही, रंगवत नाही.
कधीतरी लाल दिव्यापाशी कंटाळून
घेणाऱ्याची बोटं तिथे पोचतील.
झिद्रूनास चारचौघांत म्हणतो,
ही बाई हात राखून काम करते.
खरंय ते.

चौदा वर्षांत कुणी आलं नाही.

गेल्या गुरुवारी उग्ने आली.
काउनासला नर्स, रात्रपाळी संपवून थेट.
सॅनिटायझरने पांढरे पडलेले हात.
माझ्या मनात पहिलं हेच : चामड्याचे वैरी.
गाडी दारात, इंजिन चालू.
"खाली हे खरखरीत काय आहे? किती चाललीय ही?"
"मीटर काय म्हणतं?"
"मीटरचं ऐकायचं असतं तर इथवर आले असते?"

मी आत बसले, डोळे मिटले, बोट लावलं.
माझीच जागा. माझंच सोडलेलं.
"तीन लाख. वर थोडे."
ती ओरडेल म्हणून मी थांबले.
तिने मान हलवली, रुग्णाचा ताप ऐकावा तशी,
आणि विचारलं, आता निगा काय राखू.
"हात वाळू दे. मगच धर.
उन्हात लावलीस तर वर टॉवेल टाक."
"आणि ती जागा?"
रंगवून देते, पैसे नकोत, म्हणाले.
ती नको म्हणाली.
इंजिन टकटक करत होतं.
ते मी सांगितलं नाही, तो माझा धंदा नव्हे.
पण ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर
हाक मारायला तोंड उघडलं, हे खरं.

संध्याकाळी घरी निघताना
माझ्या गाडीतला दिवा लावून पाहिलं.
चकाकत होतं, कढईसारखं.